बेळगावहून सायकलवर : काळा दगड, लाल माती आणि जुनी गावं

बेळगावहून गोव्याला उतरणाऱ्या चोर्ला घाटाचे व्हिडिओ बघून पुण्या-कोल्हापूरहून सायकली घेऊन येणाऱ्यांचा बेत ठरलेला असतो. पहाटे बेळगाव सोडायचं, घाट उतरायचा आणि दुपारी गोव्यात जेवायचं. बेत वाईट नाही, पण त्यात बेळगाव जिल्हा नुसता मागे टाकला जातो. शिवाय एक गोष्ट नकाशा बघून चटकन लक्षात येत नाही. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि घाटाच्या तोंडाशी असलेलं कणकुंबी गाव ८०० च्या आसपास. म्हणजे बेळगावकर मुळातच घाटमाथ्यावर राहतो. इथून पश्चिमेला निघालं की घाट चढावा लागत नाही, उतरावा लागतो. चढ येतो तो परतीच्या वाटेवर, पाय थकलेले आणि ऊन डोक्यावर आलेलं असताना.

म्हणून मी नव्या माणसाला सांगतो, घाट उतरू नका, माथ्यावरच फिरा. सीमाभागातलं जंगल, जुनी गावं, देवळं, नद्यांचे उगम, सगळं माथ्यावरच आहे. पुढचं सगळं लिहिलंय ते रोड बाईक किंवा हायब्रिड असलेल्या, सलग चाळीस-पन्नास किलोमीटर चालवायची सवय असलेल्या माणसाला धरून. एवढी सवय नसेल तर आधी महिनाभर रोज सकाळी कॅम्पातल्या झाडांच्या सावलीतून फेऱ्या मारा. रस्ते चांगले आहेत आणि वाहनं कमी. मात्र भाग लष्कराचा आहे, तेव्हा ओळखपत्र खिशात असू द्या आणि दिसेल त्या फाटकाचा फोटो काढत बसू नका.

आधी दगड ओळखा

सायकलच्या लेखात दगडाचं काय काम, असं वाटेल. पण या जिल्ह्यात रस्ता कसा वागणार हे दगड आणि पाऊस या दोघांनीच ठरवलंय.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्या थरांची दक्षिणेकडची कड बेळगाव जिल्ह्यात येऊन संपते. त्यामुळे शहराभोवतीच्या टेकड्या सपाट माथ्याच्या आणि पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. येळ्ळूरगड बघा, वैजनाथचा डोंगर बघा. अशा डोंगरावर चढ लांबलचक नसतो. बराच वेळ रस्ता सपाट जातो आणि मग एकदम अंगावर येतो, कारण तुम्ही एका थरावरून दुसऱ्या थरावर चढत असता. इथे दम पुरवायचा असतो तो पाच-दहा मिनिटांसाठी, तासाभरासाठी नाही.

पायथ्याला काळी माती. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात बासमती पिकतो तीच ही जमीन. पावसाळ्यात या मातीच्या रस्त्यावर चाक घातलंत तर टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये चिखल इतका गच्च बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. रोड बाईकवाल्यांनी शेतातले शॉर्टकट दसऱ्यापर्यंत विसरावेत.

पश्चिमेला, जांबोटीपासून पुढे, मुसळधार पावसाने वरचा दगड झिजून त्याचा जांभा झालेला आहे. लाल, सच्छिद्र, कुऱ्हाडीने तासता येईल असा. तिथल्या घरांच्या भिंतीही याच चिऱ्यांच्या. सायकलवाल्यासाठी जांभ्याचा अर्थ वेगळा. डांबराची कड पावसात झिजून ढासळते, वळणावर लाल बारीक खडी पसरते आणि पहिल्या सरीनंतर तासभर रस्ता शेवाळल्यासारखा निसरडा होतो. आणि पूर्वेला, गोकाककडे, काळा पाषाण संपून त्याहून कितीतरी जुना वालुकाश्म लागतो. झाडी विरळ, ऊन प्रखर, रस्ता कोरडा.

एकाच जिल्ह्यात तीन तऱ्हांचे रस्ते आहेत. कुठल्या दिशेला निघायचं हे महिना बघून ठरवा.

महिना आणि वेळ

जून ते सप्टेंबर पश्चिमेकडे जाऊ नका, असं मी म्हणणार नाही, कारण कणकुंबीच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळ पठारावरची, फुलं आणि धुकं तेव्हाच. पण कणकुंबी, आमगाव हा भाग राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात मोडतो. तिथे पाऊस थांबून थांबून पडत नाही, दिवसभर कोसळतो. त्या दिवसांत पूर्वेकडे जा. बेळगावात संततधार लागलेली असताना गोकाकच्या बाजूला अनेकदा रस्ता कोरडा मिळतो.

ऑक्टोबर सगळ्यात चांगला. भात पिवळं पडलेलं, ओढे वाहते, हवा धुतलेली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी असते आणि सकाळी भातखाचरांवर दाट धुकं उतरतं. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे सहाला निघालात तर मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा हवाच. याच दिवसांत ऊसतोड चालू असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अशी ट्रॉली ओव्हरटेक करताना चालकाच्या टेपवर मोठ्याने गाणी चालू आहेत असंच समजा, कारण बहुधा असतातच. रस्ता पुढे पूर्ण मोकळा दिसल्याशिवाय बाहेर पडू नका.

मार्च ते मे साडेदहाच्या आत परत या. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळीव येतो, विजा कडाडतात आणि घाटमाथ्याच्या सड्यावर आडोसा नसतो.

वाऱ्याचंही गणित करा. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून पश्चिमेचा वारा माथ्यावर चढतो, पण साडेदहाच्या आत परतायचं असल्याने तो पाठीशी मिळेल असं धरू नका. थंडीत सकाळचा वारा बहुतेक वेळा पूर्वेचा. पश्चिमेला जाताना वेग बघून खूश होऊ नका, परत येताना तोच तोंडावर येईल.

सायकलची तयारी

२३ किंवा २५ मिलिमीटरचे टायर शहरात ठीक. इकडे किमान २८, आणि फ्रेममध्ये बसत असतील तर ३२. सत्तरेक किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये ७५-८० पीएसआय हवा भरावी, ३२ मध्ये ६० ते ६५. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. दगडासारखे टणक टायर जांभ्याच्या खडीवर उड्या मारतात आणि वळणावर पकड सोडतात.

गिअरबद्दल जरा हिशेब करून बघा. पुढे पायडलाजवळ ३४ दात्यांची चेनरिंग आणि मागच्या चाकावर ३२ दाती चक्र असेल, तर मिनिटाला ६० पायडलं मारून सायकल ताशी सुमारे ८ किलोमीटर चालते. जुन्या रोड बाईकवर पुढे ३९ आणि मागे २५ असतं. त्यावर तेवढ्याच पायडलांना ताशी जवळपास १२ चा वेग ठेवावा लागतो. वैजनाथच्या चढावर १२ चा वेग ठेवणारी माणसं बेळगावात आहेत, पण त्यांना या लेखाची गरज नाही. बाकीच्यांनी मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, बदलून घ्यावी. खर्च आहे, पण गुडघ्यापेक्षा स्वस्त.

पिशवीत दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या, लहान पंप, मल्टिटूल आणि चेनची क्विक लिंक. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तो हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. सायकल उजव्या बाजूला पडली की तोच वाकतो आणि तो खानापुरात काय, बेळगावातही तुमच्या मॉडेलचा मिळेलच असं नाही. एक जादा घेऊन ठेवा. रिम ब्रेक असतील तर ब्रेकच्या रबरात अडकलेले खडीचे कण सुईने काढा, नाहीतर ते रिम खरवडतात.

क्लिट, म्हणजे पायडलात अडकणारी तळव्याची पट्टी, असलेले बूट मी इकडे सुचवत नाही. हलशीची देवळं, कित्तूरचा वाडा, गोकाकचा झुलता पूल, सगळीकडे पायी हिंडायचं आहे आणि देवळाच्या फरशीवर क्लिट घसरतात. साधे कडक तळव्याचे बूट घाला.

खाणं-पाणी

दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. परदेशी जेलची पाकिटं आणायची काही गरज नाही, कारण गोकाकचा करदंट आहे. डिंक, गूळ, सुकं खोबरं, सुकामेवा. ती वडी सायकलसाठीच बनवली असावी असं वाटतं. लहान तुकडे करून खिशात ठेवा आणि भूक लागायच्या आधी खा. बेळगावचा कुंदा मात्र परत आल्यावर. दूध आणि तूप पोटात घेऊन चढ चढवत नाही. पाण्याच्या एका बाटलीत चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू, दुसरीत साधं पाणी.

पाय मोकळे करायला : येळ्ळूरगड आणि वैजनाथ

लांब पल्ल्याआधी हे दोन चढ करून बघा. येळ्ळूर गाव ओलांडून राजहंसगडाच्या, म्हणजेच येळ्ळूरगडाच्या, पायथ्याशी पोचलात की डांबरी रस्ता थेट दरवाजापर्यंत वर जातो. शेवटचा टप्पा तीव्र आहे. बसूनच चढवा, उभं राहिलात तर मागचं चाक खडीवर फिरतं. वर तटबंदी आहे, सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि चारी बाजूंना भातशेतीचा पसारा. शहरातून जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात आणि आठच्या आत ऑफिसला तयार होता येतं.

वैजनाथ जरा कठीण. शिनोळीमार्गे देवरवाडी, म्हणजे तुम्ही चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात शिरलात. सीमा ओलांडली हे दुकानांच्या पाट्यांवरूनच कळतं. देवरवाडीपासून देवळाकडे जाणारा रस्ता झाडीतून वर चढतो आणि पुढे महिपाळगडाकडे जातो. इथे वेळ लावून बघा. थांबल्याशिवाय देवळापर्यंत पोचलात आणि वर गेल्यावर धाप न लागता बोलता आलं, तर पुढचे दोन्ही रस्ते तुम्हाला जमतील.

दिवसाचा रस्ता : खानापूर, नंदगड, हलशी, कित्तूर

हा माझ्या मते जिल्ह्यातला सगळ्यात भरलेला रस्ता आहे. एकूण सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. चढ सौम्य, पण दिवस मोठा.

सुरुवात गोगटे सर्कलपासून करा आणि काँग्रेस रोडने बाहेर पडा. रस्त्याला हे नाव उगाच नाही. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीच्या या भागात भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, आणि त्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे. त्याआधी १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीगची सुरुवातही बेळगावातच केली होती. तिसरं रेल्वे गेट, उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे. इथपर्यंत कारखान्यांची वर्दळ असते, म्हणून साडेसहाच्या आत पार व्हा. पुढे खानापूरपर्यंत रस्ता रुंद आहे आणि गाड्या सुसाट. डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर राहा, पण अगदी टोकाला नको, तिथे काचा आणि खिळे साचतात.

खानापूर सव्वीसेक किलोमीटरवर. मलप्रभा गावाला लागूनच वाहते. कौलं आणि मातीची भांडी यांसाठी गाव जुन्या काळापासून माहीत. इथे पोटभर नाश्ता करा, कारण पुढे नंदगडपर्यंत चहाच्या टपऱ्यांवरच भागवावं लागेल.

खानापूर सोडलं की वाहनं एकदम कमी होतात आणि रस्ता लाल मातीतून, झाडीतून खाली-वर होत जातो. नंदगड पूर्वी मोठी बाजारपेठ होती. कित्तूरचा सेनानी संगोळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी इथे फाशी दिलं. त्याची समाधी आणि ते वडाचं झाड बघायला लोक लांबून येतात. झाडाला नवसाचे पाळणे बांधलेले दिसतील. सायकल बाहेर लावा आणि थोडा वेळ बसा, सावली चांगली आहे.

नंदगडहून हलशी जवळच आहे. हलशी म्हणजे शिलालेखांतली पलाशिका, कदंबांची दुसरी राजधानी. पाचव्या शतकाच्या सुमाराचे कदंब ताम्रपट इथे सापडले. पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळात, बाराव्या शतकात, भूवराह-नरसिंहाच्या देवळाचं वैभव वाढलं. देवळात समोरासमोर दोन गर्भगृहं आहेत. एकीकडे वराह, दुसरीकडे नरसिंह. गावात सुवर्णेश्वर, कल्लेश्वर, गोकर्णेश्वर अशी आणखी देवळं विखुरलेली आहेत आणि एक जुनी जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिरही. गडबडीत वराह बघून निघणाऱ्यांची मला कीव येते. तासभर ठेवा. सायकल गल्लीतून हाताने ढकलत फिरा, मुलं मागे येतील, गिअर मोजतील, किंमत विचारतील. खरी किंमत सांगू नका, विश्वास बसत नाही.

हलशीहून बिडीमार्गे कित्तूरकडे निघालात की जंगल मागे पडतं, जमीन मोकळी होते आणि बोलीही बदलते. मराठी हळूहळू पातळ होत जाते, कन्नड दाट होते. कित्तूरच्या अलीकडे-पलीकडे पाचेक किलोमीटरच्या आत देगाव आहे. तिथलं कमलनारायणाचं देऊळ कदंब राजा पेर्माडी याची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात बांधून घेतलं. काळ्या दगडावरचं कोरीवकाम बघायला आडवाट केली तरी चालेल, लोकांची गर्दी नसते.

कित्तूर म्हणजे राणी चन्नम्मा. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरच्या सैन्याने कंपनीच्या फौजेचा पराभव केला आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्या लढाईत मारला गेला. वाड्याचे आता जोतं आणि भिंतीच उरल्यात, तरी दालनं, पाण्याची व्यवस्था, पन्हाळी समजून येतात. किल्ल्यातच वस्तुसंग्रहालय आहे. २३ ऑक्टोबरच्या सुमारास कित्तूर उत्सव असतो. त्या दिवसांत गावात सायकल घालायलाही जागा नसते, तेव्हा तारीख बघून या.

इथून बेळगाव पन्नासेक किलोमीटर, पुणे-बंगळूर महामार्गाने. हा टप्पा कंटाळवाणा आहे, त्याला इलाज नाही. मुख्य मार्गावर न जाता जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे तोच धरा, उड्डाणपुलांवर चढू नका, आणि उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकलींना गृहीत धरूनच चालवा. एम. के. हुबळीला मलप्रभा पुन्हा भेटते, सकाळी खानापुरात ओलांडली तीच. हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध दिसलं की शहर आलं. पाय संपले असतील तर कित्तूरहूनच टेम्पो ठरवा. त्यात कमीपणा काही नाही. बघण्यासारखं सगळं तोवर बघून झालेलं असतं.

जंगलाचा रस्ता : जांबोटी आणि कणकुंबी

पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून उजवीकडचा चोर्ल्याचा रस्ता धरा. किणये, मग कुसमळीला मलप्रभेवरचा पूल, आणि जांबोटी. शहरापासून अंतर तीसेक किलोमीटर. या रस्त्याने गोव्याला भाजी, दूध, वाळू, सगळं जातं, आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्याही. म्हणून शक्य असेल तर मधल्या वारी जा. रस्त्याची अवस्था दर पावसाळ्यानंतर बदलते. कुठे नवं डांबर, कुठे सायकलचं पुढचं चाक गिळणारा खड्डा. सावल्यांच्या पट्ट्यांत खड्डे दिसत नाहीत, तेव्हा दाट झाडीतला उतार आला की काळा चष्मा वर सरकवा आणि वेग कमी करा.

जांबोटीला थांबा. बाटल्या भरून घ्या, चहा-पोहे खा आणि घरी फोन करून सांगा, कारण पुढे मोबाइलला सलग रेंज नसते. नकाशा आधीच डाउनलोड केलेला असावा. जांबोटीजवळ मलप्रभेच्या पात्रात हब्बनहट्टीचा मारुती आहे. पावसाळ्यात देव पाण्याखाली जातो. हिवाळ्यात पाय बुडवून बसायला जागा उत्तम.

पुढे रस्ता भीमगड अभयारण्याच्या कडेने जातो. २०११ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात पसरलंय. मुख्य रस्त्यावर सायकल चालवायला परवानगी लागत नाही. पण डावी-उजवीकडची आकर्षक दिसणारी कच्ची वाट धरून आत शिरलात तर तो गुन्हा ठरतो. बारापेडेच्या चुनखडीच्या गुहांत रॉटन्स फ्री-टेल्ड जातीची जगात अगदी मोजक्या ठिकाणी सापडणारी वटवाघळं राहतात, भीमगडाचा किल्ला आहे, धबधबे आहेत. हे सगळं वनखात्याच्या परवानगीने, पायी, वेगळ्या दिवशी बघायचं. सायकलच्या बेतात ते कोंबू नका.

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वळून पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. इथून थोड्याच अंतरावर, भीमगडच्या जंगलात, म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. एकाच डोंगरावरचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो तो इथे, आणि या पाण्यावरून कर्नाटक-गोव्यात कितीतरी वर्षं वाद चाललाय तोही याच मुलखावरून.

कणकुंबी हाच तुमचा परतीचा टप्पा. जायला साधारण अडीच-तीन तास, यायला तेवढेच किंवा जरा जास्त. रस्ता सतत खाली-वर होत असल्याने एकूण उंची सारखीच असूनही पाय दमतात. सगळे चढ हलक्या गिअरवर घ्या आणि उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाला वापरा.

तरीही घाट उतरायचाच असेल, तर उतरून गोव्यातच मुक्काम करा किंवा परतीसाठी गाडी सांगून ठेवा. उतारावर हात हँडलच्या खालच्या वळणावर असू द्या, तिथून ब्रेकला जोर मिळतो. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नाही. वळताना बाहेरच्या बाजूचं पायडल खाली आणि भार त्यावर. नजर खड्ड्यावर नको, जिथे जायचंय तिथे. ओल्या रिमवर ब्रेक पहिली दोन-तीन आवर्तनं नुसतं पाणी पुसतात आणि मग पकडतात, म्हणून आधीपासून हलके दाबत राहा. समोरून येणारा ट्रक वळणावर तुमच्या बाजूला येणारच, हे धरून चाला. खाली केरीला अंजुणे धरणाचं पाणी दिसलं की घाट संपला.

खानापूरहून हेम्माडगामार्गे अनमोडला जाणारा रस्ताही आहे. तो याहून शांत आणि जंगल कितीतरी दाट. एकट्याने मात्र नको, पहाटे आणि संध्याकाळी तर नकोच. निघण्याआधी खानापूरच्या वन कार्यालयात चौकशी करा.

गवे, अस्वलं आणि कुत्री

या पट्ट्यात गवे सर्रास दिसतात. गवा रस्त्यात उभा दिसला तर पन्नासेक मीटर आधी थांबा, खाली उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा. घंटी वाजवू नका, मोबाइल बाहेर काढून जवळ जाऊ नका. एक गेला की रस्ता मोकळा झाला असं समजू नका. कळप असतो, मागचे अजून झाडीत असतात. पाच मिनिटं थांबणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

अस्वल जास्त धोक्याचं, कारण ते दचकतं. पहाटे झाडीतून जाताना दोघं असाल तर मोठ्याने बोलत चला, एकटे असाल तर गाणं म्हणा. आवाज आला की ते बाजूला होतं. हत्तीही अधूनमधून दांडेलीच्या बाजूने खानापूर तालुक्यात येतात. गावकऱ्यांनी 'पुढे हत्ती आलाय' म्हटलं तर वाद न घालता मागे वळा.

रोजचा त्रास मात्र गावातल्या कुत्र्यांचा. कुत्रं मागे लागलं की वेग वाढवायचा मोह होतो. उलट हळू व्हा, खणखणीत आवाजात हाकला, गरज पडली तर उतरून सायकल मध्ये धरा. बहुतेक कुत्री तिथेच गोंधळतात.

गोकाक, थोडक्यात

पावसाळ्यात पश्चिमेला संततधार असते तेव्हा हा रस्ता. सुळेभावी, अंकलगीमार्गे गोकाक, साठ-सत्तर किलोमीटर. घटप्रभा इथे वालुकाश्माच्या कड्यावरून ५२ मीटर खाली कोसळते. जुलै-ऑगस्टमध्ये तांबड्या पाण्याचा तो पडदा बघायला रविवारी गर्दी उसळते. धबधब्याशेजारी एकोणिसाव्या शतकातली सूतगिरणी आहे, झुलता पूल आहे, काठावर जुनी देवळं आहेत. जाऊन-येऊन एका दिवसात करणं शक्य आहे, पण शहाणपणाचं नाही. गोकाकला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकीचा धबधबा बघून परता. आणि करदंट विकत घ्या, पुढच्या राइडची सोय होते.

पाट्या, भाषा आणि अडचण

खानापूरच्या पश्चिमेला आणि बेळगाव तालुक्यात मराठीत विचारलं तर मराठीत उत्तर मिळतं. कित्तूर, बैलहोंगल, गोकाककडे 'नीरु' म्हणजे पाणी, 'दारी' म्हणजे रस्ता, 'एष्टु दूर' म्हणजे किती लांब, 'एड' डावं आणि 'बल' उजवं, एवढं आलं तरी दिवस निघतो. पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात. वाटेतल्या गावांची नावं कन्नड लिपीत कागदावर उतरवून हँडलला चिकटवा. अक्षरं वाचता आली नाहीत तरी आकार जुळवता येतात. अंतर विचारताना तिघांना विचारा. गावकऱ्याचं 'इथेच की' पाच किलोमीटरचंही असू शकतं.

अपघात झाला तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला भाग हलवू नका आणि थेट बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघा. सायकल मोडली तर वडापवाल्याला किंवा मालाच्या टमटमला हात करा. सायकल टपावर बांधायची तर साखळीची बाजू वर आणि चाकाखाली पोतं. मधल्या गावच्या स्टेशनांवरून, गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर अशी पॅसेंजरही मिळते, पण वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा.

घरी आल्यावर

जांभ्याची लाल धूळ तेलात मिसळली की चेनवर खरखरीत पेस्ट तयार होते आणि ती दाते खाते. त्याच दिवशी कितीही दमलात तरी चेन केरोसीनच्या फडक्याने पुसा, कोरडी करा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब टाका आणि वरचं तेल पुसून घ्या. ब्रेकची रबरं साबणाच्या पाण्याने धुवा. टायरवरून बोट फिरवून अडकलेले काटे काढा. बाभळीचा काटा त्या दिवशी पंक्चर करत नाही, दोन दिवसांनी करतो. कपड्यांवरचा लाल रंग गरम पाण्यात पक्का बसतो, म्हणून आधी थंड पाण्यात भिजवा.